झील कोण धरतो?

शाहिराविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याचा फेटा, त्याचा पहाडी आवाज, डफावर पडणारी त्याची थाप यांची वर्णने आपण शाळेच्या पुस्तकांपासून वाचीत आलो आहोत. त्याच्या पाठीमागे दोन पावलांवर उभ्या असलेल्या झीलकऱ्याविषयी मात्र कोणी चार ओळी लिहिल्याचे क्वचितच आढळते. शाहिराने चौक संपविला की शेवटचा शब्द झीलकरी उचलतात, उंच सुरात लांबवितात, आणि तेवढ्या अवधीत शाहीर दम घेतो. झीलकऱ्याचे काम एवढेच, अशी आपली समजूत असते. माझे मत थोडे वेगळे आहे. महाराष्ट्रात पोवाडा, जलसा, कीर्तन आणि भजन यांनी अन्यायाविरुद्ध जी कामगिरी बजावली, ती झील धरणाऱ्यांच्या बळावर. आणि म्हणून अशा कलेची परीक्षाही तेथूनच सुरू व्हावयास हवी.

हे मी लिहितो आहे ते यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील बोरी अरब या गावातून. हा कापसाचा मुलूख. मी स्वतः गाणारा नाही. भजनाला मागच्या रांगेत बसून टाळ धरणाऱ्यांपैकी एक आहे. तेव्हा या लेखाला कोणी मागच्या रांगेतली समीक्षा म्हटले तरी माझी तक्रार नाही.

प्रथम एका जुन्या आक्षेपाचा समाचार घेतला पाहिजे. असली गाणी म्हणजे प्रचार, आणि प्रचार म्हणजे कला नव्हे, असे म्हणणारी मंडळी आपल्यात नेहमीच होती. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद रंगला, तेव्हापासून हा आक्षेप सुशिक्षितांच्या ओठांवर खेळतो आहे. गंमत अशी की, हा आक्षेप घेणाऱ्याने बहुधा पोवाडा पुस्तकात वाचलेला असतो. पुस्तकात शाहिराचे शब्द उतरतात. झील उतरत नाही. ती कंसात एखाद्या अक्षराने दाखविलेली असते, आणि वाचणारा ते अक्षर ओलांडून पुढे जातो. भाजणीचे प्रमाण वाचून चकली खुसखुशीत झाली की नाही हे सांगण्यासारखाच हा प्रकार आहे. कागदावर जी ओळ सपक वाटते, ती पाचशे माणसांच्या तोंडी गेल्यावर काय होते, हे ज्याने ऐकले नाही त्याने निकाल देण्याची घाई करू नये.

याचा अर्थ प्रत्येक घोषणा ही कविता असते असा मुळीच नाही. प्रचारी गाण्यांतही चांगले आणि वाईट असते, आणि ते वेगळे करण्याची कसोटी आपल्याजवळ असली पाहिजे. माझी कसोटी साधी आहे. गाणे ऐकणाऱ्याला गाण्यात शिरावयास जागा ठेवली आहे काय? त्याच्या तोंडी जो शब्द दिला, तो त्याला स्वतःचा वाटतो काय? आणि कार्यक्रम उठल्यावर तो शब्द त्याच्याबरोबर घरी जातो काय?

ही कसोटी लावून आमच्या वऱ्हाडातल्याच एका थोर माणसाकडे पाहू. गाडगे महाराजांचा जन्म 1876 साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. दिवसा हातात खराटा आणि रात्री कीर्तन, हा त्यांचा नेम. त्यांच्या कीर्तनाला पूर्वरंग-उत्तररंगाची शास्त्रोक्त बांधणी नव्हती, पांडित्य नव्हते, गळाही कमावलेला नव्हता. संगीताच्या जाणकाराने गुण द्यावयाचे ठरविले असते तर ते उत्तीर्ण झाले असते की नाही, याची मला शंकाच आहे. मग हजारो माणसे रात्र रात्र बसत ती कशासाठी? त्यांच्या कीर्तनाचे सारे तंत्र सवाल-जवाबाचे होते. बाबा एक साधा प्रश्न विचारीत. समोरचा समाज एका आवाजात उत्तर देई. त्या उत्तरातून दुसरा प्रश्न निघे. असे चार-पाच प्रश्न झाले की, नवसाचा बकरा, सावकाराचे कर्ज काढून केलेले लग्न, दारू, शिवाशीव, यांपैकी कशाला तरी माणसाने स्वतःच्याच तोंडाने ‘चूक’ म्हटलेले असे. उपदेश दुसऱ्याने केला तर माणूस विसरतो. स्वतः दिलेला जबाब त्याला सहजी विसरता येत नाही. मधूनमधून गोपाळाच्या नामाचा गजर होई, आणि तेवढ्यात विचार करावयास उसंत मिळे.

1956 साली, म्हणजे त्यांच्या निधनाच्या वर्षीच, मुंबईत बांद्र्याला झालेले त्यांचे कीर्तन ध्वनिमुद्रित झाले आणि ते आजही ऐकावयास मिळते. वाचकांनी ते अवश्य ऐकावे. पण एक करावे. बाबांच्या आवाजाकडे लक्ष जाईलच, त्याबरोबर समोरच्या माणसांचे आवाजही कान देऊन ऐकावेत. कीर्तनाचा अर्धा भाग तिकडे आहे.

दुसरे उदाहरणही आमच्याच भागातले. 1909 साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेले तुकडोजी महाराज खंजिरी घेऊन गावोगाव हिंडले, आणि 1935 साली त्यांनी मोझरीला गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांची भजने साहित्यशास्त्राच्या चष्म्यातून पाहणाऱ्याला सरळसोट वाटतील. ओळ आखूड, शब्द रोजच्या बोलण्यातले, हिंदी आणि मराठी हातात हात घालून चाललेली. पण ती ओळ आखूड का, हे मागच्या रांगेत बसल्याशिवाय कळत नाही. म्होरक्याने ओळ म्हणावयाची, खंजिरीने मधली पोकळी भरावयाची, आणि तेवढ्यात ज्याला अक्षरओळख नाही अशा माणसाने ती ओळ मनात धरून परत फेकावयाची. ओळ अर्ध्या हाताने लांब असती तर परत फेकताना ती निसटली असती. ही बांधणी अडाण्याची नव्हे. आपला श्रोता किती श्वास धरू शकतो याचा अंदाज असलेल्या कारागिराची ती आहे.

त्या भजनाचे सामर्थ्य 1942 साली सरकारच्याही ध्यानात आले. ऑगस्टमध्ये चिमूर आणि आष्टी येथे उठाव झाले, त्यात माणसे गेली, आणि या उठावामागे महाराजांच्या भजनांनी केलेली जागृती होती असे मानले जाते. महाराजांना चंद्रपूरला अटक झाली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत त्यांना ठेवण्यात आले. भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला तुरुंगात टाकले की भाषण थांबते. भजनाचे तसे नसते. म्होरक्या आत गेला तरी झील धरणारे बाहेर राहतात, आणि त्यांना गाणे पाठ असते. दिवाळीच्या आधी दहा-बारा दिवस, आश्विन वद्य पंचमीला, महाराजांची पुण्यतिथी येते. 1968 साली ते गेले. तरी आमच्या भागातल्या खेड्यांतून त्या दिवसांत खंजिरी वाजते, आणि ओळ परत फेकणारी पोरे नवी असतात.

कीर्तन आणि भजन ही देवळातली रूपे. तेथे येणाऱ्याला निदान पारावर बसावयास जागा होती. ज्यांना ती जागाच नव्हती, त्यांच्या निषेधाला दुसरे रूप शोधावे लागले. ते तमाशात सापडले. जोतीराव फुल्यांनी 1855 साली ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि 1869 साली शिवाजी महाराजांचा पोवाडा रचला, तेव्हाच लोकरंजनाच्या रूपांचा उपयोग विचार सांगण्यासाठी करण्याची वाट दिसली होती. 1873 साली त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला, आणि पुढच्या काळात सत्यशोधक जलसे गावोगाव फिरू लागले. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या कलावंतांनी आंबेडकरी जलसा उभा केला. आपल्या दहा सभांइतके काम एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, असे सांगतात. वामनदादा कर्डकांच्या गीतांनी तीच परंपरा 2004 पर्यंत, म्हणजे त्यांच्या अखेरच्या वर्षापर्यंत, जागती ठेवली.

जलशाने काय केले ते नीट पाहण्यासारखे आहे. डफ तोच, ढोलकी तीच, तुणतुणेही तेच. वग आणि बतावणीचा साचाही तोच राहिला. गणातल्या देवाच्या जागी ज्ञानाचे किंवा महापुरुषाचे स्तवन आले, आणि गौळणीतला शृंगार बाजूला सारला गेला. सर्वांत मोठा बदल मात्र साहित्यात नव्हता, माणसांत होता. तोपर्यंत तमाशा करणारी पुष्कळशी माणसे गावकुसाबाहेरची, आणि त्यांचे गाणे गावकुसाच्या आतल्यांच्या करमणुकीसाठी. जलशात तीच माणसे स्वतःच्या वस्तीसाठी, स्वतःच्या प्रश्नांवर गाऊ लागली. मागे उभा राहून ज्याने आयुष्यभर दुसऱ्याच्या शब्दाला झील दिली, त्याला पहिल्यांदा आपल्या शब्दाला झील मिळाली. जलशातले काही वग आज वाचताना भडक वाटतात, पात्रे एकरंगी वाटतात, हे मी नाकारीत नाही. पण आपल्या वस्तीतला मुलगा कोटातला वकील होऊन रंगमंचावर उभा राहिलेला पाहणे, ही त्या प्रेक्षकाला साधी गोष्ट नव्हती.

आता अण्णा भाऊ साठ्यांकडे वळतो. 1920 साली वाटेगावला जन्मलेल्या, शाळेचे तोंड जेमतेम पाहिलेल्या या कलावंताने 1944 साली अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक काढले. अमर शेखांचा आवाज, गवाणकरांची साथ आणि अण्णा भाऊंची लेखणी असा तो त्रिवेणी संगम होता. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने या पथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली, यावरूनच त्याचा धसका किती होता हे दिसून येते. अण्णा भाऊंच्या सर्व रचनांना मी सारखे गुण देणार नाही. त्यांच्या स्तालिनग्राडच्या पोवाड्याची पुष्कळ वाहवा झाली आणि त्यातला आवेश खराच आहे. तरी तो ऐकणाऱ्या गिरणी कामगाराला दूरच्या देशातली लढाई आधी समजावून घ्यावी लागते, मग झील धरता येते.

‘माझी मैना’ या छक्कडीत तसे काही समजावून घ्यावे लागत नाही. पोटासाठी मुंबईला आलेला गडी आणि गावी राहिलेली त्याची बायको, एवढाच विषय. कोकणातला, घाटावरचा, वऱ्हाडातला, कोणताही परगावी राबणारा माणूस पहिल्या क्षणापासून त्या गाण्यात शिरतो, कारण त्याचे घर तसेच मागे राहिलेले असते. तिचे रूप, तिचा स्वभाव, निघतानाची ताटातूट हे सारे होते, मुंबईतली श्रीमंती आणि दारिद्र्य डोळ्यांसमोरून जाते, आणि मग शेवटाकडे कवी हळूच सांधा बदलतो. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव या भागांवाचून महाराष्ट्र म्हणजे मैनेवाचून राहिलेला तो गडीच. झील तीच राहते आणि तिचा अर्थ पालटतो. श्रोता मघापासून आपल्या बायकोसाठी हळहळत होता. तो त्याच श्वासात सीमेसाठी हळहळू लागतो, आणि आपण केव्हा आंदोलनात शिरलो हे त्याला कळतही नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शेकड्याने भाषणे झाली. 1 मे 1960 ला राज्य झाले, बेळगाव-कारवार बाहेरच राहिले, भाषणे ग्रंथालयांत गेली. मैना मात्र अजून लोकांच्या तोंडी आहे. अण्णा भाऊ आणि अमर शेख दोघेही 1969 साली, काही आठवड्यांच्या अंतराने गेले. गाणे त्यांच्या मागे राहिले, कारण त्यातला मुख्य शब्द त्यांनी स्वतःजवळ ठेवलाच नव्हता.

येथवर आपण यशाच्या कथा पाहिल्या. आता जो प्रश्न मला घरबसल्या छळतो त्याकडे येतो. ज्या दुःखाला कोणी झील धरीत नाही, त्याचे काय?

बोरी अरबला ज्या अरुंद रुळांवरची शकुंतला थांबे, ती यवतमाळहून दारव्हा, कारंजा करीत मूर्तिजापूरला जाई. त्या वाटेने आमचा कापूस जगाच्या बाजारात गेला. आज ती गाडी बंद आहे, आणि कापूस पिकविणाऱ्याची कथा सर्वांना ठाऊक आहे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून यवतमाळ जिल्ह्याचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर झाले. त्यावर कविता झाल्या, पथनाट्ये झाली, व्याख्याने झाली. पुष्कळ जणांनी कळकळीने लिहिले, याबद्दल मला शंका नाही. परंतु त्यांतले बरेचसे आमच्याविषयी होते आणि दुसऱ्या कोणासाठी तरी होते. शेतकऱ्याच्या गळ्यातला फास दाखवून शहरातल्या सभागृहाला रडविणारी कविता मी ऐकली आहे. टाळ्या कडाडून पडल्या. पण टाळी म्हणजे झील नव्हे. टाळी गाणाऱ्याला पोचते आणि विरते. झील धरणाऱ्याला आपला आवाज त्यात घालावा लागतो. ज्याच्या घरी ते घडले, त्या घरातली बाई त्या कवितेत होती, पण तिच्या तोंडी शब्द नव्हता.

म्हणूनच श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘तेरवं’ या नाट्यप्रयोगाला मी मोठे मोल देतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या बाईची ही कहाणी, आणि ती रंगमंचावर मांडणाऱ्या त्याच घरांतल्या बायका. नावापासूनच त्यात मर्म आहे. तेरव्याचे जेवण उरकते, पाहुणे आपापल्या गावी परततात, पुढारी येऊन गेलेले असतात. तेथून पुढे त्या बाईचा खरा दिवस उगवतो. सासरचे जमिनीवर नाव लावू देत नाहीत, कर्ज मात्र तिच्या नावावर येते. व्यावसायिक रंगभूमीच्या मापाने पाहिले तर या बायकांच्या आवाजाला सफाई नाही, हालचालींत शिस्त कमी आहे, असे कोणी म्हणेल. म्हणो. उसना हुंदका कसा काढावा हे चांगल्या नटीला शिकविता येते. हुंदका गिळून पुढचे वाक्य कसे बोलावे, हे या बायका घरूनच शिकून आल्या होत्या. मागच्या रांगेतली बाई येथे पुढे आली आहे, आणि झील धरण्याची पाळी आता आपली आहे.

या प्रयोगातून रंगमंचावर आलेल्या वैशाली येडे यांच्या हस्ते 11 जानेवारी 2019 रोजी यवतमाळला 92 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. त्यामागचा इतिहास वाचकांना स्मरत असेल. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण ऐन वेळी मागे घेण्यात आले, महाराष्ट्रात वादळ उठले आणि अनेक साहित्यिकांनी संमेलनाकडे पाठ फिरविली. अध्यक्षस्थानी अरुणा ढेरे होत्या. बोलावलेल्या पाहुण्याला येऊ नका म्हणणे हे गैरच, आणि त्यानंतर दुसरे कोण व्यासपीठावर आले यावरून त्या गैरपणाचे माप बदलत नाही. पण म्हणून वैशालीताईंचे तेथे उभे राहणे ही केवळ सोय होती, असे म्हणणाऱ्यांशी माझे पटत नाही. 1973 साली याच यवतमाळला ग. दि. माडगूळकरांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरले होते. गदिमा हे गाण्याच्या जगातले सम्राट. त्यानंतर शेहेचाळीस वर्षांनी त्याच गावी एका कापूस पिकविणाऱ्या घरातली बाई साहित्यिकांपुढे आपले म्हणणे स्वतःच्या शब्दांत मांडते, याला मी आमच्या जिल्ह्याच्या वाङ्मयीन इतिहासातली मोठी घटना समजतो. प्रश्न पुढचा आहे. संमेलनाने तिला टाळी दिली की झील दिली? मांडव उठल्यावर, तिने जे मागितले ते किती जणांनी आपल्या तोंडी धरले?

हा प्रश्न केवळ संमेलनाला नाही. आज निषेधाचे गाणे करणाऱ्या तरुण मंडळींनाही मी तो विचारतो. ध्वनिक्षेपक मोठे झाले, प्रकाशयोजना आली, गाणे क्षणात हातातल्या यंत्रावर लाखोंना ऐकू जाते. पण ज्या गाण्यात गाणाऱ्याला दम घ्यावासाच वाटत नाही, त्यात ऐकणाऱ्याला शिरावयास फट राहात नाही. तो ऐकतो, मान डोलावतो, आणि पुढच्या गाण्याकडे वळतो. गाडगे बाबा प्रश्न विचारून थांबत. तुकडोजी महाराज ओळ आखूड ठेवीत. अण्णा भाऊंनी आपल्या क्रांतीच्या आधी दुसऱ्याच्या बायकोची आठवण काढली. या थांबण्यात कलेचे शहाणपण होते आणि समोरच्या माणसाचा मानही होता.

दिवाळीला घरोघर माणसे जमतील. फराळाची ताटे पुढे येतील आणि जुन्या गोष्टी निघतील. एखाद्या आजोबांना, एखाद्या आत्याबाईंना सहज विचारून पाहावे, की लहानपणी कोणता जलसा पाहिला, कोणते भजन ऐकले, मोर्चात काय म्हणत असत. शाहिराचे चौक त्यांना बहुधा आठवणार नाहीत. झील आठवेल. ती त्यांनी म्हणून दाखविली तर नुसते ऐकून घेऊ नये. त्यांच्याबरोबर म्हणावी, पोरांनाही म्हणावयास लावावी.